लाखेची किरकिर

रविवार, रात्री साडेदहा

नागपुरात जुन्या सामानाच्या दुकानात आज दोन तबकड्या हाती आल्या. एक स्टिरिओ एलपी, एकही ओरखडा नाही, पण आत वाद्यवृंदाच्या सिनेमाधुना. दुसरी ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी; अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी, कागदी पाकीट फाटलेलं. पैसे एकीपुरतेच होते. नितळ आवाजाच्या मोहानं घेतलेल्या अशा डझनभर एलपी घरी कपाटात आहेत. बहुतेक एकदाच वाजल्या.

तरी ७८ची डोळे झाकून नाही घेतली. दाराशी नेऊन उन्हात तिरपी धरली. खाचा काळ्याभोर चमकल्या तर ठीक, राखाडी दिसल्या तर जड सुईनं झिजवल्यात असं समजायचं. वरची किरकिर गाण्याच्या बाजूला राहते, थोड्या वेळानं कान तिला सोडून देतो. झिजलेल्या खाचेत मात्र गाणाऱ्याचा आवाजच फाटतो, तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, तर फारच. तशी तबकडी लाडक्या गवयाची असली तरी मी घेत नाही. हिच्या शेवटच्या काही खाचा तेवढ्या करड्या होत्या. घेतली.

अर्जुनीला उतरून घरी आलो तो अंधार पडला होता. आधी सुई बदलली. एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला बसते आणि तिथली घाण खरवडते. जाड टोकाची लावली तशी बरीच खरखर गेली. उरली ती तबकडीचीच, कारण ही लाखेत दगडाची भुकटी घालून दाबलेली असते. बाबांनी उमेदीत पळसाच्या फांद्यांवरची लाख खरवडून गोंदियाच्या व्यापाऱ्याला विकलेली. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "हे तं आपली लाखच होय."

खाँसाहेब १९३७ साली गेले. हे गाणं त्याच्या थोडं आधीचं, मायक्रोफोनसमोरचं; त्याआधीच्या ध्वनिमुद्रणांसारखं कर्ण्यात जोर लावून गायलेलं नाही. म्हणून तो टोकदार, हळवा स्वर इतक्या हलक्यानं लागलेलाही ऐकू येतो. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, आणि तेवढ्यातही त्यांना कुठं घाई नाही. माझ्या स्टिरिओ एलपींत सगळं लख्ख ऐकू येतं, पण असं थांबून राहणारं कोणी नाही.

शेवटच्या करड्या खाचांत आवाज फाटायला लागला. मी सुई उचलायला हात नेला, तर बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे."