शब्दवही, नोंद २३: 'ओरिएंट'ने सहा पानं खाल्ली

मंडळी, दिशांच्या इंग्रजी शब्दांचा हा तिसरा आठवडा. 'स्टारबोर्ड' (जहाजाची उजवी बाजू) एका संध्याकाळीत उरकला होता: जुन्या जहाजांचं सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असायचं, म्हणून ती 'स्टिअर'ची बाजू. झालं. 'ओरिएंट'ने, म्हणजे पूर्वेने, मात्र दमवलं.

सुरुवात सोपी होती. लॅटिन 'ओरिरी' म्हणजे उगवणं. त्यावरून 'ओरिएन्स', म्हणजे थेट आपली उगवत. 'ओरिजिन' याच घरातला. फ्रेंचमधून आलेला 'लेव्हांट' (भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा) हाही उगवताच, आणि ग्रीक 'अनातोलिया' (आजच्या तुर्कस्तानाचा आशियातला भाग) सुद्धा! भूमध्य समुद्रावरच्या लोकांनी पूर्वेचं बारसं तीनदा केलं, तेही एकाच नावाने.

अडलं ते क्रियापदाशी. नोकरीच्या पहिल्या दिवशीच्या 'ओरिएंटेशन'चा पूर्वेशी काय संबंध? (माझं तळघरात झालं होतं. तीन तासांनी बाहेर पडलो तर जिना कुठे तेच उमगेना.) उत्तर चर्चच्या बांधकामात निघालं. मध्ययुगीन युरोपात चर्चची वेदी शक्यतो पूर्वेला ठेवत. इमारत अशी पूर्वाभिमुख करणं म्हणजे 'ओरिएंट' करणं. पुढे अर्थ सैलावला: आधी कुठल्याही दिशेशी जुळवून घेणं, मग माणसाने आपण कुठे आहोत ते ओळखणं.

नकाशेही तसेच. १३०० च्या सुमाराच्या, इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या जगाच्या नकाशात पूर्व वर आहे. मी सवयीने ब्रिटन वर डावीकडे शोधत बसलो. ते खाली, डाव्या कोपऱ्यात दबून बसलेलं.

मग गच्चीवर जाऊन उगवतीकडे तोंड करून उभा राहिलो. प्राची समोरची. पश्चिम पाठीमागची. दक्षिण म्हणजे चक्क उजवा हात! लॅटिन 'डेक्स्टर' तिचाच सख्खा नातलग. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला का ठेवायचा, ते शब्दातच लिहिलेलं होतं. आणि आपलं दख्खन? उजव्या हाताचा मुलूख. या एका ओळीसाठी सहा पानं गेली तरी चालतील.

पुढचा 'ऑक्सिडेंट', म्हणजे पश्चिम: लॅटिनमध्ये खाली पडणं, बुडणं. पान अजून कोरं आहे, पण समासात पेन्सिलीने दोन शब्द टिपून ठेवलेत: मावळत, मावळ.