कार्डावरची तारीख

गेल्या नोव्हेंबरची, म्हणजे २०२५ ची गोष्ट. न्यू जर्सीत एडिसनला लायब्ररीच्या एका खोलीत मी ज्येष्ठांना मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा अमेरिकेचा सरकारी आरोग्यविमा, समजावून सांगायला बसते. पगार नाही, प्रशिक्षण मात्र रीतसर घेतलंय. १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर हे योजना बदलायचे दिवस, त्यामुळे बाहेर रांग होती. काका प्लास्टिकची फाइल घेऊन आले. वय ६७, नुकतेच निवृत्त झालेले.

"अगं, ऑक्टोबरात सोशल सिक्युरिटीचा, सरकारी पेन्शनचा अर्ज केला, तर हे मेडिकेअरचं कार्ड आलं. तारीख चुकलीय बघ."

पार्ट ए सुरू: १ एप्रिल २०२५.

तारीख बरोबर होती. पासष्टी उलटल्यावर उशिरा अर्ज केला की पार्ट ए, म्हणजे मेडिकेअरचा हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग, सहा महिने मागून लागू होतो. एरवी त्यात तोटा काही नाही. पण फाइलमध्ये खाली एचएसएचं स्टेटमेंट दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

एचएसए म्हणजे मोठ्या डिडक्टिबलच्या (आधी स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेच्या) विम्यासोबत उघडता येणारं करमुक्त बचत खातं. मेडिकेअर लागू झालं की त्यात पैसे भरायचा हक्क संपतो. काकांनी तर जानेवारीतच वर्षाचे सगळे भरून टाकलेले: ४३०० डॉलर, वर पंचावन्नच्या पुढच्यांना मिळणारे जादा १०००. आता हक्काचे महिने उरले तीन, म्हणजे १३२५ डॉलर. बाकीचे ३९७५ जास्तीचे. तसेच ठेवले तर दरवर्षी सहा टक्के दंड.

वर्षभरापूर्वी याच खोलीत मी त्यांना सांगितलं होतं, "नोकरी आणि कंपनीचा विमा आहे तोवर मेडिकेअरची घाई नको." उत्तर चूक नव्हतं. पण विमा कुठल्या प्रकारचा, हे मी विचारलंच नव्हतं. तसं कबूल केलं.

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बुडाले का?"

"नाही. १५ एप्रिलच्या आत व्याजासकट बाहेर काढायचे. त्यावर कर लागेल, दंड नाही."

"मेडिकेअरमध्ये असं खातं नसतंच का?"

असतं, एमएसए. १९९७ च्या कायद्यात आलं. पण त्यात पैसे योजना टाकते, आपल्याला स्वतःचे टाकता येत नाहीत, आणि औषधांचा विमा वेगळा घ्यावा लागतो. काका हसले. गंमत म्हणजे एचएसए आणि मेडिकेअरमधला औषधांचा विमा, दोन्ही २००३ च्या एकाच कायद्यातून जन्मले. साठवायला सांगणारं पान आणि म्हातारपणी झाकण लावणारं पान एकाच बाडात! मला तरी हे पटलेलं नाही. साठीनंतरच तर माणसाच्या हातात चार पैसे उरतात.

तिथूनच बँकेला फोन लावला. पलीकडची मुलगी साधा पैसे काढायचा फॉर्म पाठवायला निघाली होती. मी काकांना खुणावलं, "जास्तीचा भरणा परत, असं म्हणा." दोनदा सांगावं लागलं.

"आणि आधीच्या वर्षांचे साठलेत ते?"

"ते तुमचेच. पार्ट बीचा, डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा हप्ता भरा त्यातून, महिना १८५ डॉलर, करमुक्त."

"मेडिगॅपचा, त्या वरच्या पूरक विम्याचा?"

"तो नाही चालत."

"का?"

मी खांदे उडवले. काकांनी फाइलवर पेनने लिहिलं, 'बी हो, मेडिगॅप नाही', आणि खाली दोन रेघा मारल्या.