फिजिक्स, पुस्तक चौथे : भाष्य ७१ हातावेगळं

नवीन मंडळींसाठी आधी थोडक्यात. ॲरिस्टॉटलच्या 'फिजिक्स'वरचं बाराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ इब्न रुश्दचं (लॅटिनवाल्यांचा ॲव्हेरोज) दीर्घ भाष्य, ज्याच्या प्रत्येक क्रमांकित तुकड्यालाही भाष्यच म्हणतात, मी व्हेनिसच्या जुंता छापखान्याच्या १५६२ च्या आवृत्तीच्या स्कॅनवरून लावतोय. मूळ अरबी हरवलंय. हाती आहेत ती लॅटिन आणि हिब्रू भाषांतरं. लॅटिनचं श्रेय सहसा मायकेल स्कॉटला देतात.

छपाई देखणी, पण संक्षेप जीव खातात. स्वरावर आडवी रेघ दिसली की 'म' किंवा 'न' गिळलाय असं धरायचं. 'पी'च्या दांडीला खाली छेद असला तर 'पेर' वाचायचं. एवढं अंगवळणी पडलं की निम्मं पान सुटतं.

भाष्य ७१ मात्र रेंगाळून वाचावं असंच आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो, माध्यम जितकं विरळ तितका वेग जास्त. पोकळीत माध्यमच नाही, म्हणजे वेगाचं गुणोत्तरच मांडता येत नाही. सबब पोकळी नाही. इथे रुश्द सारागोसाच्या इब्न बाज्जाचा (लॅटिनमध्ये अवेम्पास) आक्षेप सविस्तर देतो: माध्यम फक्त अडवतं, मूळ गतीला स्वतःचा वेळ लागतोच. आकाशातले गोल बघा, त्यांना कुठलंच माध्यम अडवत नाही, तरी ते ठरावीक वेगानेच फिरतात.

मी वहीत आकडे घालून पाहिले. मूळ वेळ २, पाण्याने वाढवलेला ६, एकूण ८. माध्यम निम्मं विरळ केलं तर ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने ४ यायला हवेत; बाज्जाच्या हिशेबाने २ अधिक ३, म्हणजे ५. पोकळीत अडथळ्याचे ६ वजा, उरतात सरळ २. भागाकाराच्या जागी वजाबाकी आली की अख्खा युक्तिवाद कोलमडतो!

रुश्दला हे मुळीच पटत नाही. पुढे तो बाज्जाला खोडायला बसतो. त्याचं खंडन मला ओढूनताणून वाटलं, विशेषतः मातीसारख्या साध्या पदार्थांच्या गतीला माध्यम लागतंच, हा भाग. पण गंमत अशी की लॅटिन युरोपला बाज्जाचं हे म्हणणं कळलं ते याच खंडनामुळे. तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस ॲक्वायनस याने तर पोकळीतही गतीला वेळ लागतो ही बाजू उचलून धरली, आणि पिसातला तरुण गॅलिलिओ १५९० च्या सुमारास वजाबाकीच्याच वाटेने गेला.

आता ॲक्वायनसच्या 'फिजिक्स'वरच्या भाष्यातला याच मुद्द्याचा धडा शेजारी ठेवून वाचतोय. त्याचं लॅटिन सोपं आहे, नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करावी. मग भाष्य ७२.