तुटाळीतही काटा खाली येईना

शिरोळ तालुक्यातल्या त्या हार्वेस्टर मालकाने फोनवरच निदान सांगून टाकलं. मशीन डिझेल लई पितंय, तेल तापतंय, पंप गेलाय, नवा घेऊन या. कुणा मिस्त्रीने तसं सांगितलं होतं. ऊस तोडणी यंत्राच्या हायड्रॉलिकचं, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचं, काही बिनसलं की आमच्या धंद्यात सगळ्यात आधी पंपावर बोट ठेवतात. मशीनखाली आडवं होऊन बघायचे कष्ट कुणी घेत नाही, आणि मालकाचे पैसे मात्र जातात. याचा मला मनापासून राग येतो.

मी आधी बेस कटर बघतो. बुडात ऊस तोडणाऱ्या, एकमेकींच्या उलट फिरणाऱ्या दोन तबकड्या. प्रत्येकीवर पाच पाती, मिनिटाला ६०० च्या आसपास फेरे. कात्रीला समोरून दुसरं पातं असतं, इथे ते नाही. उसाला आधार फक्त त्याच्या मुळांचा आणि मातीचा. त्यामुळे सगळी भिस्त पात्याच्या वेगावर आणि धारेवर. धार गेली की पातं उसाला कापत नाही, ढकलतं. ऊस वाकतो, उभा चिरतो आणि मग तुटतो. त्यात जोर जास्त जातो आणि खोडव्यासाठी, म्हणजे पुन्हा फुटून पुढचं पीक यावं म्हणून, जो बुडखा मागे राहतो तो फाटलेला राहतो. रोगाला तेवढी वाट पुरते.

मशीन पूर्ण उचलून बेस कटर रिकामा फिरवला. दाबाचा काटा ४० बारवर. टॅकोमीटर लावला, फेरे बरोबर. पंप ठणठणीत होता. मग ऑपरेटरला म्हटलं, नेहमी चालवतोस तसंच चालव, मी शेजारी बसतो.

उभ्या अडसाली (दीड वर्षाच्या) उसात काटा ११०-११५ वर नाचत होता. तबकड्या फिरवायला जेवढा जोर लागतो तेवढा हा दाब चढतो, आणि तो जोर शेवटी डिझेलमधूनच येतो. मध्येच दाब एवढा चढायचा की रिलीफ व्हॉल्व्ह उघडायचा आणि तेल काम न करताच टाकीकडे परत जायचं. तेल तापत होतं ते त्यामुळे. इथवर मला नवल वाटलं नाही. पण पुढे सरीत एक मोठी तुटाळ आली, आठ-दहा फूट ऊसच नाही. काटा धाडकन खाली यायला हवा होता. तो ९० वर राहिला.

मी ऑपरेटरला थांबवलं, मागे घ्यायला लावलं आणि त्याच तुटाळीतून पुन्हा नेलं. पुन्हा ९०. तिथे तोडायला एक ऊस नव्हता, तरी मशीन जवळजवळ तेवढीच ताकद खात होतं. ते माती कापत होतं. कृष्णाकाठची काळी, चिकट माती, तिच्यातून दहा पाती ६०० फेऱ्यांनी फिरवायची!

खाली उतरून पाती बघितली. नव्या पात्याची कड बोटाला लागते, या पात्यांची कड अंगठ्याने दाबून चाचपली तरी गोल, गुळगुळीत. कोपरे झिजून पात्याची जीभ झाली होती. बोल्टांची डोकी इतकी घासली होती की पान्याला धरायला काही उरलं नव्हतं. त्यांच्यावर वेल्डिंगने नट चिकटवून एकेक बोल्ट फिरवावा लागला. पाती उलटवून दुसरी कड वापरता येते, पण बोल्ट असे होईपर्यंत थांबलं की तो मार्गही बंद होतो. ऑपरेटरला दोष देऊन उपयोग नाही. त्याला पगार टनावर. पाती बदलायला मशीन उभं केलं की त्याचेच पैसे बुडतात. यंत्र घ्यायला सरकारने ३५ लाखांपर्यंत अनुदान देऊ केलं, पण पातं कधी बदलायचं हे या पोराला कुणी एकदाही शिकवलं नव्हतं.

मालक म्हणत होता, पाती बदला, उंची वाढवा, सगळं एकदम करून टाका. मी ऐकलं नाही. दोन्ही एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळणार कसं? आधी फक्त पाती बदलली, उंची तीच ठेवली. उसात काटा ९५, तुटाळीत ८० च्या वर. मग बेस कटर दोन बोटं उचलला. उसात ६५, तुटाळीत ४५. तेल थंड झालं, इंजिनचा आवाजसुद्धा मोकळा झाला. मालक खूश.

तेवढ्यात शेतकरी बांधावरून खाली आला. वाकून बुडख्यावर दोन बोटं आडवी धरून मला दाखवली. "साहेब, खरी साखर बुडक्यात असत्या. हे कुणाचं वजन गेलं? आनि हे तासायला बाया कोन लावनार?"

त्याचं खरं होतं. उसाच्या खालच्या कांड्यांतच साखर सगळ्यात जास्त. मालकाचं डिझेल वाचतं ते शेतकऱ्याच्या वजनातून, आणि दोघांचा हिशेब एकाच कागदावर कधीच येत नाही.

मी सरीत खाली बसून माती उकरली तेव्हा खरं कारण सापडलं. मोठी बांधणी करताना, म्हणजे उसाच्या बुडाशी माती चढवताना, भर एकसारखी लागली नव्हती. वरंबा कुठे उंच, कुठे बसलेला, आणि उसाची बेटं मधूनच खड्ड्यात. हाताने तोडणारी टोळी कोयता मातीत जरा खुपसून प्रत्येक बेटाशी जुळवून घेते. तबकड्यांना एकच उंची कळते. उंच भागात त्या माती खातात, खोल भागात बुडखा सोडतात. वरंबा सपाट आणि सारखा असता तर त्या दोन बोटांचा वादच आला नसता. पण बांधणी झाली लावणीनंतर चार-साडेचार महिन्यांनी, तेव्हा इथे हार्वेस्टर येणार की टोळी, हे त्या शेतकऱ्याला कारखान्याकडून कुणी सांगितलंच नव्हतं. तोडीच्या डिझेलचा निकाल तोडीआधी वर्षभर लागलेला असतो, आणि तिथे माझा पाना पोचत नाही.

शेवटी दोघांना मध्यावर आणलं, एक बोट उंची. काटा ७५ च्या आसपास राहिला. ते बरोबर होतं की नुसती समजूत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून जुन्या पात्यांनी तोडलेली एक सरी आणि नव्या पात्यांनी एक बोट उंचीवर तोडलेली एक सरी, दोन्हींना खुंट्या ठोकून आलोय. शेतकऱ्याने तिथले बुडखे न तासण्याचं कबूल केलंय. खोडवा फुटला की दोन्ही सऱ्यांतले कोंब मोजायला जाणार आहे. मालकालाही ये म्हटलंय. तो म्हणाला, तेव्हा मशीन कर्नाटकात असेल.