ग्लासगोत एक दिवस, आणि असईचा साहेब

स्कॉटलंडला गेलं की एडिनबरोला सगळेच जातात, आम्ही एक दिवस काढून ग्लासगो केलं. ट्रेनने जेमतेम तासाभराचं अंतर, क्वीन स्ट्रीट स्टेशनला उतरलात की पाच मिनिटांत गोमा, म्हणजे मॉडर्न आर्टचं म्युझियम. आत जायच्या आधी बाहेरच थांबा. घोड्यावर ड्यूक ऑफ वेलिंग्टन बसलाय आणि त्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा केशरी ट्रॅफिक कोन!! लोकं रात्री चढून ठेवतात, कितीदा काढला तरी परत येतो. 2013 मध्ये कौन्सिलने चौथराच उंच करायचं काढलं होतं तर गावाने एवढी बोंब ठोकली की प्लॅन गुंडाळावा लागला.

आता हा वेलिंग्टन म्हणजे आपला आर्थर वेलस्लीच, 1803 ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा. माझं आजोळ जालना जिल्ह्यातलं, त्यामुळे खाली वाकून चौथरा बघितला तर ब्राँझमध्ये चक्क असईची लढाई कोरलेली, माणसं, घोडे, नुसती गर्दी. सगळे वर कोनाचे फोटो काढत होते आणि मी एकटीच खाली उकिडवी बसलेली. फोटो मामाला पाठवला, त्याचा रिप्लाय "टोपी शोभते".

तिथून केल्विनग्रोव्ह म्युझियमला सबवेने, म्हणजे भुयारी रेल्वेने गेलो. 1896 ची सबवे, एकच गोल आणि 15 स्टेशनं, डबा इतका बुटका की उंच माणसाने मान सांभाळायची. बुकॅनन स्ट्रीटहून केल्विनहॉलला (म्युझियमजवळचं स्टेशन) जाताना इनर सर्कल पकडा, पाच स्टेशनं. आम्ही घाईत आउटर पकडली आणि दहा स्टेशनं फिरून, नदी दोनदा ओलांडून पोचलो. गोलच आहे त्यामुळे हरवत नाही, हे एक बरं.

केल्विनग्रोव्ह फुकट आहे आणि दोन-तीन तास सहज जातात. दुपारी एकला (रविवारी तीनला) मोठ्या हॉलमध्ये ऑर्गन वाजवतात, ती वेळ धरूनच जा, वरच्या गॅलरीत उभं राहिलं की छातीत घुमतो आवाज. चित्रकार डालीचा क्रूसावरचा येशू इथेच आहे, वरून बघितल्यासारखा काढलेला, 1952 ला 8,200 पौंडांना घेतला तेव्हा केवढी ओरड झाली होती. स्पिटफायर विमानाखाली पेंढा भरलेला हत्ती आहे, सर रॉजर. मस्तीला आल्यावर आवरेना म्हणून 1900 मध्ये गोळी घातली बिचाऱ्याला. आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये भारताच्या सात वस्तू परत द्यायचा करार याच इमारतीत झाला, त्यातल्या सहा उत्तरेकडच्या देवळांतून वगैरे उचललेल्या. हे सगळं बघताना ते डोक्यात राहतंच.

शेवटी कॅथेड्रल. जॉर्ज स्क्वेअरहून चालत वीसेक मिनिटं, चढ आहे, आईबाबा बरोबर असतील तर सरळ बस करा. तळघरात सेंट मंगोची, म्हणजे ग्लासगोच्या रक्षक संताची समाधी आहे, वरच्या भपक्यापेक्षा ती जास्त आवडली. शेजारच्या धर्मांच्या म्युझियममध्ये नटराज आहे, पण त्याची वेळ आधी बघून घ्या, आम्ही पोचलो तेव्हा दार बंद करत होते, काचेतूनच नमस्कार. मागच्या टेकडीवरची कबरस्तानं बघायची तर उजेड असताना.

छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटी होते, टोपीवालं जॅकेट घ्या. आणि भूक लागली तर मेनूवर पकोरा शोधा, इथे जिकडेतिकडे मिळतो, फक्त सोबत गुलाबी सॉस देतात, हिरवी चटणी मागून घ्यावी लागते.