तुम्ही विचारलंत म्हणून: 6 पीएसआयसाठी डिफ का बदलला

माझ्या जुन्या माझदा एमएक्स-5 ला मी सुपरचार्जर बसवला, म्हणजे इंजिनमध्ये जास्तीची हवा दाबून भरणारा पंप. त्या जास्तीच्या दाबाला बूस्ट म्हणतात आणि तो पीएसआयमध्ये मोजतात. नंतर मला डिफ बदलावा लागला, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरांचा डबा. तेव्हापासून प्रश्न दर वेळी जवळपास त्याच शब्दांत येतो. "फक्त 6 पीएसआय बूस्ट आहे ना रे, मग त्यासाठी क्लच, डिफ, एक्सल, प्रॉपेलर शाफ्ट, सगळंच बदलायची काय गरज होती?" आणि याचं उत्तर अर्धं देऊन होत नाही तोवर पुढचा येतो, "त्यापेक्षा मोठ्या इंजिनची गाडीच घ्यायची ना." गेली चार वर्षं मी याची तुकड्यातुकड्यांत उत्तरं देतोय, कधी चिडून, कधी नुसतं हो हो म्हणून विषय संपवून. आज एकदाच सगळं लिहून टाकतो.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी उरकतो. मला मोठ्या इंजिनची गाडी नको होती. मला हीच हवी होती, 1989 ला आलेल्या पहिल्या पिढीतली 1.6 लिटरची एमएक्स-5, जेमतेम हजार किलोची, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि गिअर टाकताना मनगट फक्त दोन इंच हलतं अशी. त्यात पिकअप थोडा कमी पडायचा, तेवढा हवा होता. यावर मला अजून काही बोलायचं नाहीये.

पहिला प्रश्न मात्र खरा आहे. तो मीच स्वतःला विचारला होता आणि चुकीचं उत्तर दिलं होतं. गाडीची एक वही आहे माझी, ऑइल कधी बदललं, कुठला पार्ट कधी टाकला ते सगळं त्यात असतं. सुपरचार्जर बसवला त्या दिवशी त्यात मी लिहिलंय, "6 पीएसआय म्हणजे काहीच नाही. डिफला हात लावायची गरज नाही." खाली दोन रेघा मारल्यात. ते पान मी फाडलेलं नाही.

आता त्या पानाशी भांडतो. हवेचा दाब साधारण 14.7 पीएसआय, त्यावर 6 म्हणजे कागदावर 40 टक्के जास्त हवा. प्रत्यक्षात हवा दाबली की तापते, सुपरचार्जर स्वतः फिरायला इंजिनचीच ताकद खातो, त्यामुळे टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, तेवढा वाढत नाही. माझं इंजिन नवं असताना 136 न्यूटन मीटरचं, ते सुपरचार्जरनंतर 180 च्या आसपास गेलं. 44 न्यूटन मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण डिफला इंजिनचा टॉर्क जसाच्या तसा कधीच मिळत नाही, तो गिअरबॉक्समधून गुणून येतो. या गाडीत पहिल्या गिअरचा रेशो 3.136, म्हणजे डिफच्या पिनियनवर आधी जास्तीत जास्त 426 यायचे, आता 564 येणार. आणि पिनियन म्हणजे केवढासा, मुठीत मावेल एवढा गिअर, त्याचे दोन-तीन दात एका वेळी क्राउनला, म्हणजे डिफमधल्या मोठ्या गोल गिअरला, भिडलेले. या 1.6 वाल्या गाड्यांत क्राउन 6 इंची आहे. 1994 च्या मॉडेलपासून 1.8 चं इंजिन आलं तेव्हा कंपनीने क्राउन 7 इंची केला. एक इंच उगाच नाही वाढवत कोणी. हे मला तेव्हाही माहीत होतं, वाचलेलं होतं, तरी त्या दोन रेघा मारल्या.

तरीही, आणि हे बचाव म्हणून नाही सांगत, पहिले आठ महिने काहीच झालं नाही. मजेत चालली गाडी. मग चौथ्या गिअरमध्ये क्लच घसरायला लागला. चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की आरपीएमचा काटा वर पळायचा आणि स्पीड तिथंच. उघडंच होतं, मूळ क्लच मूळ इंजिनसाठी होता. गाडी मी ज्यांच्याकडे नेतो ते काका हातातला स्पॅनर खाली ठेवत म्हणाले, "घसरतोय ना, मग घसरू दे थोडा. तू पाय जरा हलका ठेव. तो घसरतोय म्हणून मागचं सगळं शाबूत आहे." मला वाटलं काका जुन्या वळणाचे, खर्च टाळायला सांगतायत. मी जड प्रेशर प्लेट आणि नवी क्लच प्लेट मागवली, बनवणाऱ्याने 300 न्यूटन मीटरपर्यंत धरेल असं दिलेलं. मनात हिशेब असा की 180 चं इंजिन आणि 300 चा क्लच, म्हणजे परत कधी बघायला नको. त्याच महिन्यात टायर झिजले होते म्हणून ते पण बदलले, आधीपेक्षा मऊ रबरचे, रस्ता जास्त धरणारे. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

आता तो दिवस. संध्याकाळी पाऊस पडून गेला होता, रस्ता बराचसा वाळलेला पण कडेला ओल होती. चढावरच्या तिठ्यावर मी थांबलो होतो, उजवीकडे वळायचं होतं. शेजारी माझा धाकटा भाऊ. त्याने या गाडीत सुपरचार्जरनंतर पहिल्यांदाच पाय ठेवला होता, आणि मला त्याला दाखवायचं होतं. हेच खरं कारण आहे, बाकी सगळं नंतर जुळवलेलं. समोर रस्ता रिकामा झाला, मी साडेचार हजार आरपीएमला क्लच सोडला. सावकाश सोडला नाही, सोडूनच दिला. उजवं मागचं चाक कडेच्या ओल्या पट्ट्यावर होतं, ते जागेवर गरगर फिरलं, मागची बाजू थोडी डावीकडे सरकली, भाऊ "ओहो" म्हणाला, आणि मग ते फिरणारं चाक एकदम कोरड्या डांबरावर आलं.

आवाज कसा होता ते मी खूपदा सांगायचा प्रयत्न केलाय आणि जमत नाही. धाड म्हणावं तर धाड नव्हता. लोखंडी पाइपवर हातोडा मारावा तसा एकच ठोका, पण तो कानाला ऐकू यायच्या आधी सीटमधून कमरेला लागला. त्यानंतर इंजिन मोकळं पळालं आणि मागून खडखड खडखड, डब्यात नट-बोल्ट टाकून हलवल्यासारखं. मी पाय काढला. गाडी त्या चढावर थांबली आणि मागे यायला लागली, ब्रेक दाबला. परत पहिला गिअर टाकला, क्लच हळूच सोडला, खडखड झाली, गाडी तसूभर पुढे गेली नाही. दुसरा टाकून बघितला, तेच. भाऊ काही बोलला नाही. मी पण नाही. मागे एक गाडी येऊन उभी राहिली, तिने हॉर्न नाही वाजवला, वळसा घालून गेली. ते मला अजून आठवतं. आम्ही दोघं उतरलो, मी हँडल धरून ढकलत आणि भाऊ पुढून बॉनेटला रेटा देत, गाडी उताराने मागे मागे नेऊन कडेला लावली.

दुसऱ्या दिवशी ती उचलून नेली आणि काकांनी डिफचा ड्रेन प्लग काढला. ऑइल आधी आलंच नाही, प्लगच्या मॅग्नेटला चिकटून एक अख्खा दात बाहेर आला. मग ऑइल, चंदेरी, मोटारीच्या रंगासारखं चमकणारं. काकांनी तो दात कपड्याने पुसून माझ्या तळहातावर ठेवला. एका शब्दानं "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत, आणि ते म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

तो दात मी अजून जपून ठेवलाय आणि माझा खरा वाद त्याच्याशीच आहे. तुटलेली बाजू नीट बघितली तर त्यात दोन भाग दिसतात. मोठा भाग उजळ, खरबरीत, बारीक वाळूसारखा, तो त्या संध्याकाळचा, एका झटक्यात तुटलेला. पण मुळाशी एका कोपऱ्यात नखाएवढा भाग काळपट आणि गुळगुळीत आहे, आणि त्याच्यावर कमानीसारख्या बारीक रेघा आहेत, ओहोटीनंतर वाळूवर पाण्याच्या राहतात तशा. ती जुनी भेग. अशी भेग एका दिवसात पडत नाही, दर वेळी ताण आला की ती केसभर पुढे सरकते. म्हणजे मी क्लच सोडला तेव्हा तो दात आधीच अर्धवट गेलेला होता.

मग दोष कोणाचा? मित्र म्हणतात जड क्लच टाकलास म्हणून डिफ गेला. त्यांचं बरोबर आहे, आणि का बरोबर आहे ते आता मला आकड्यांत सांगता येतं. क्लच झटकन सोडला की नुसतं इंजिन ओढत नाही, फिरत्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनच्या टोकाच्या जड चकतीत, साठलेला जोरसुद्धा एकदम मागे जातो. तो किती जाणार याची मर्यादा क्लच ठरवतो, कारण त्याच्या पलीकडे तो घसरतो. जुना क्लच 180 च्या आसपास हात टेकत होता. नवा 300 पर्यंत धरून राहणार, म्हणजे पिनियनवर कमाल 940. 426 साठी केलेला पिनियन. दुसरी मर्यादा टायरची, ते फिरले की ताण सुटतो, पण तेही मी जास्त धरणारे घातलेले. घरातला फ्यूज सारखा जातो म्हणून त्या जागी जाड तार घालावी तसं मी दोन ठिकाणी केलं. आणि ओल्यावर फिरणारं चाक कोरड्यावर येऊन अडकतं तेव्हा शाफ्ट आणि एक्सल स्प्रिंगसारखे पिळले जातात, त्या क्षणाचा ताण सरळ हिशेबापेक्षा वरच जातो.

पण ती काळी भेग? ती सुपरचार्जरच्या आठ महिन्यांत पडली, की गाडी माझ्याकडे यायच्या आधीची होती? तीस वर्षांची गाडी, माझ्या आधी तीन मालक, कोणी कशी चालवली देव जाणे. कधी मला वाटतं की मी काहीच बदललं नसतं तरी तो दात एक दिवस गेलाच असता. कधी वाटतं हे मी स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणतोय. त्या डिफमध्ये काही खोट होती असं मी मुळीच म्हणणार नाही, ज्या कामाला तो केला होता ते त्याने तीस वर्षं केलं.

तर "सगळंच का बदललं" याचं उत्तर. तसाच 6 इंची डिफ परत टाकणं म्हणजे परत त्याच तिठ्यावर उभं राहणं. म्हणून 1.8 चा 7 इंची टाकला. आता तो डिफ घेतला की एक्सल त्याचेच लागतात आणि प्रॉपेलर शाफ्टपण, म्हणजे गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणारा लांब दांडा, कारण जुन्याचा फ्लँज जुळत नाही. ही हौस नाही, बोल्टची भोकंच जुळत नाहीत हो! माझ्या जुन्यात ओपन डिफ होता, एक चाक ओल्यावर गेलं की सगळा जोर तिकडेच फुकट जायचा, म्हणून यावेळी टॉर्सनवाला, म्हणजे पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर पाठवणारा, बघून घेतला. रेशो 4.3 ऐवजी 4.1 झाला, म्हणजे चाकांवरचा जोर साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी झाला. खरं सांगायचं तर तो मला जाणवतो, आणि थोडं वाईटही वाटतं.

बसवताना काकांनी क्राउनच्या दातांना पिवळी पेस्ट लावून हाताने फिरवून बघितलं, डाग दाताच्या मधोमध येईपर्यंत शिम, म्हणजे अंतर जुळवायच्या पातळ चकत्या, बदलत राहिले, एक अख्खी दुपार त्यात गेली. मी शेजारी बसून होतो. डाग जरा टोकाकडे होता तेव्हा मी म्हटलं चालेल की एवढं, तर ते म्हणाले, "चालेल, आवाज करत चालेल." गिअरबॉक्सचं शेपूट आणि डिफ यांना जोडणारी अॅल्युमिनियमची लांब फ्रेम असते या गाडीत, तिची उंचीसुद्धा मोजून लावली. डिफच्या रबर बुश नव्या टाकल्या, कारण जुन्या फाटल्या होत्या आणि जोर आला की डिफ जागेवरून मान वर करायचा. मग पहिले 800 किलोमीटर मी ती हळू चालवली. मला माहीत असलेल्यांपैकी कोणालाही हे खरं वाटत नाही.

क्लच मात्र तोच ठेवलाय, 300 चा. यावर काका आजही नाराज आहेत. माझं म्हणणं, आता मागे धरणारं आहे. त्यांचं म्हणणं, मागे आहे, पण मध्ये काय? मध्ये मूळचा पाच गिअरचा गिअरबॉक्स आहे, त्याला मी हात लावलेला नाही. याच्या जागी सहा गिअरचा टाकणारे आहेत, तो जास्त टॉर्क सोसतो. पण मी म्हटलं ना, मनगट दोन इंच हलतं, त्यासाठीच ही गाडी घेतली होती, आणि ती गंमत मला या पाचातच मिळते. हे कारण पुरेसं आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. कधी रात्री वाटतं की मी परत वहीत दोन रेघा मारतोय.

तोवर एवढंच करतो की थांबलेल्या गाडीतून क्लच झटकन सोडत नाही, कोणी शेजारी बसलेलं असलं तरी. आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेळेआधी बदलतो. गेल्या रविवारी बदललं. प्लगच्या मॅग्नेटवर करड्या रंगाचा गिलावा होता, तो बोटांत घेऊन बराच वेळ चोळला, लोण्यासारखा मऊ होता, खडा कुठेच लागला नाही. वहीत तारीख आणि किलोमीटर लिहिले आणि भावाला फोटो पाठवला. त्याने विचारलं, "दादा, हे चांगलं की वाईट?" मी लिहिलं, आज चांगलं.