घोडा ओट्याला लावताना

पुण्यात रायडिंग शिकणाऱ्यांच्या वाट्याला येणाऱ्या घोड्यांमध्ये रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड (रेससाठी पैदास केलेल्या जातीचे घोडे) बरेच असतात. रेसच्या घोड्यावर जॉकी ओट्यावरून, म्हणजे चढताना पायाखाली घ्यायच्या उंच ठोकळ्यावरून, चढत नाही. कोणीतरी त्याचा डावा पाय धरून त्याला वर उचलतं, आणि पुष्कळदा घोडा तेव्हा चालतच असतो. ओट्याशेजारी स्थिर उभं राहायला त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. तो सरकला की लोक त्याला हट्टी ठरवतात, हा त्याच्यावर अन्याय आहे.

ओटा हवाच. जमिनीवरून चढताना सगळं वजन डाव्या रिकिबीवर (पाय ठेवायच्या कडीवर) येतं, खोगीर फिरतं आणि मणक्यालगत दाब पडतो. ओट्याची उंची 18 ते 24 इंच असावी आणि माथ्यावर दोन्ही पाय ऐसपैस मावावेत. प्लास्टिकची खुर्ची कधीच वापरू नका. घोडा हलला तर पाय तिच्या हातात अडकतो.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे ओटा उचलून घोड्यामागे फिरणं. घोड्याने ओट्याकडे यायचं असतं. दुसरी चूक डावा लगाम ओढण्याची. त्याने तोंड तुमच्याकडे वळतं, पण पुठ्ठा, म्हणजे त्याचा मागचा भाग, उजवीकडे लांब जातो आणि तुम्ही ओट्यावर ताटकळत राहता.

आधी जमिनीवर उभं राहून त्याला हलक्या इशाऱ्यावर एक पाऊल पुढे आणि एक पाऊल मागे यायला शिकवा. ते जमलं की ओट्यावर चढा. डाव्या हातात घोड्याच्या हनुवटीजवळ लगाम, उजव्या हातात साडेतीन-चार फुटी लांब काठी. काठी पाठीवरून पलीकडे नेऊन उजव्या पुठ्ठ्यावर टकटक करा, दारावर बोटाने करतो तितकीच. त्याने पुठ्ठा तुमच्याकडे नुसता झुकवला तरी त्याच क्षणी थांबा आणि मानेला खाजवा. टकटक थांबणं हेच त्याचं बक्षीस. तो उलट दिशेला गेला तर मारू नका, पण थांबूही नका. त्याच हलक्या तालात चालू ठेवा. लांब गेल्यावर टकटक थांबली तर लांब जाणं हेच बरोबर, असं तो शिकतो. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं पुरे. ओट्याशी आला की तिथे त्याला निवांत उभं राहू द्या.

रिकीब ओट्याच्या मधोमध, आणि मध्ये वीतभर ते फूटभर अंतर, इतकं आलं की चढायची तयारी करा. खोगिरावर थापा मारा, रिकिबीचा पट्टा खाली ओढा, नुसते ओणवे व्हा, पाय रिकिबीत घालून काढा. प्रत्येक पायरीला तो स्थिर राहिला तरच पुढची. तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळू नका. दोन-तीन वेळा, एकेक भोक करत आवळा, आणि चढण्याआधी पुन्हा बघा. चढताना डाव्या हातात लगाम आणि आयाळ असू दे, उजवा हात खोगिराच्या पुढच्या भागावर. मागचा काठ धरला तर खोगीर फिरतं. बुटाचं टोक पोटात खुपणार नाही याची काळजी घ्या आणि धपकन बसू नका.

बसल्यावर लगेच निघायचं नाही. उजवी रिकीब घ्या, दहा सेकंद थांबा, मग इशारा द्या. बूड टेकलं की टाच मारायची सवय असेल तर घोडा बूड टेकायच्या आधीच चालू लागतो. तसं झालं तर उतरा आणि पुन्हा ओट्याला लावा.

शहाणा घोडा अचानक ओटा टाळू लागला, तंग आवळताना कान मागे टाकू लागला किंवा दात दाखवू लागला, तर शिकवणं थांबवून डॉक्टरांना बोलवा. पाठ, खोगिराचं माप, पोटातले अल्सर, सगळं तपासायला हवं. रेसमधून आलेल्या घोड्यांत अल्सर फार आढळतात.

पावसाळ्यात ओट्याखाली आणि भोवती मुरूम पसरा, नाहीतर ओटा चिखलात कलतो. सिमेंटच्या माथ्यावर शेवाळ धरतं, ते दर आठवड्याला खरवडून काढा.